नाईलची लढाई, 1798: फ्रेंच आरमार नांगरावरच कसे संपले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. 1 ऑगस्ट 1798 च्या संध्याकाळी इजिप्तच्या अबुकीर उपसागरात फ्रेंचांची 13 मोठी लढाऊ जहाजे एका रांगेत नांगरून पडली होती. पाठीशी उथळ किनारा, रांगेच्या टोकाजवळच्या बेटावर तोफखाना आणि मधोमध 120 च्या घरात तोफा असलेले अवाढव्य 'ओरिआँ'. त्यांच्यावर चालून आलेल्या इंग्रज आरमाराचा प्रमुख नेल्सन याच्याकडे 74 तोफांची 13 जहाजे आणि 50 तोफांचे एक लहान जहाज. त्यातले एक तर लढाईत पोचलेच नाही. तरीही फ्रेंचांची फक्त दोन मोठी जहाजे निसटली, बाकीची 11 पकडली गेली किंवा नष्ट झाली. हे नेल्सनचे धाडस, फ्रेंचांचा गाफीलपणा, की नुसते नशीब?

मी मालवाहू जहाजांवर कप्तान होतो आणि निवृत्तीनंतर कॅडेटना नौकानयन शिकवत आलो आहे. माझ्या नजरेने पाहिले तर ही लढाई नांगरांनी ठरवली. धाडस होते, गाफीलपणाही होता. पण धाडस करून पुढे आलेले जहाज नेमके हव्या त्या जागी, हव्या त्या कोनात उभे राहिले नाही, तर ते धाडस वाया जाते. त्या रात्री ज्यांना जहाज नीट उभे करता आले ते जिंकले. ज्या दोन इंग्रज जहाजांचे नांगर चुकले, त्यांनी त्याची भयंकर किंमत मोजली. त्यांच्याकडे पुढे येतो.

आधी फ्रेंच तिथे का थांबले ते पाहू. बोनापार्टचे सैन्य जुलैच्या सुरुवातीला अलेक्झांड्रियाजवळ उतरले. आरमाराचा प्रमुख ब्रुएस याला सुरक्षित बंदर हवे होते, पण अलेक्झांड्रियाच्या बंदराचे तोंड उथळ आणि अरुंद. पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याने सांगितले की हवामान अनुकूल असेल तर मोठी जहाजे आत नेता येतील. ब्रुएसने तो धोका पत्करला नाही, आणि मला त्यात त्याचा दोष दिसत नाही. 'ओरिआँ'सारखे खोल बुडणारे जहाज अशा तोंडात अडकले की बंदर बंद आणि आतली जहाजे कैदेत. म्हणून तो पूर्वेला अबुकीरला आला. उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर वारा बहुतेक वायव्येकडून वाहतो, दिवसचे दिवस दिशा बदलत नाही. पोर्ट सईदबाहेर सुएझ कालव्याच्या पाळीची वाट पाहत नांगरावर थांबलेल्या कुठल्याही खलाशाला तो वारा ओळखीचा असतो. अबुकीरला पश्चिमेकडचे भूशीर आणि बेट थोडा आडोसा देतात. थांबायला जागा बरी, पण लढायला?

त्याच्या अधिकाऱ्यांत यावर मतभेद होते. रांगेतल्या 'फ्रँकलिन'वरच्या ब्लांके द्यु शायलाचे म्हणणे होते की शत्रू आला तर शिडे उभारून खुल्या पाण्यात लढावे. ब्रुएसने नांगरावर लढायचे ठरवले, कारण त्याच्याकडे माणसे कमी होती. एकाच वेळी शिडेही हाताळायची आणि तोफाही चालवायच्या, एवढे मनुष्यबळ नव्हते. त्यातही रोज किनाऱ्यावर विहिरी खणायला, पाणी भरायला आणि धान्य गोळा करायला तुकड्या पाठवाव्या लागत. इंग्रज दिसले तेव्हा प्रत्येक जहाजाची काही माणसे वाळूत फावडी घेऊन उभी होती.

नांगरावर लढायचे हे ठरल्यावर बाकी सगळे एका गोष्टीवर अवलंबून राहते: रांग कशी बांधली आहे?

एकाच नांगरावर पडलेले जहाज वाऱ्याप्रमाणे फिरते. खुंटीला लांब दाव्याने बांधलेली गाय जशी दाव्याच्या लांबीएवढ्या वर्तुळात कुठेही जाऊ शकते, तसे ते जहाज नांगराभोवतीच्या वर्तुळात कुठेही जाऊ शकते. म्हणून नांगर टाकण्याआधी कप्तान पहिला हिशेब हाच करतो: सोडलेल्या दोराची लांबी अधिक जहाजाची लांबी, एवढ्या घेरात कुठे पाणी कमी आहे का? असेल तर जागा बदलायची. हा नियम तेव्हाही होता, आजही आहे. तेव्हा मोठ्या जहाजांवर लोखंडी साखळ्या आलेल्या नव्हत्या, जाडजूड दोरखंड वापरत, एवढाच फरक.

आता फ्रेंच रांगेचे पहिले जहाज 'गेरिए' डोळ्यांसमोर आणा. ते नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, एकाच नांगरावर होते. म्हणजे त्याच्या कप्तानाने आपल्या फिरण्याच्या वर्तुळात पुरेसे पाणी सोडले असणारच. आणि किनाऱ्याच्या बाजूला 'गेरिए'ला फिरता येईल एवढे पाणी असेल, तर तिथून त्याच आकाराचे दुसरे जहाज जाऊही शकते. हा तर्क इंग्रजांच्या सर्वांत पुढच्या 'गोलायथ'चा कप्तान टॉमस फोली याने केला. नेल्सनच्या मनातही हाच विचार आला होता, असे त्याचा कप्तान बेरी याने नंतर लिहिले आहे. श्रेय कोणाचे यावर इतिहासकार अजून वाद घालतात. माझ्या मते तो वाद फार महत्त्वाचा नाही, कारण त्या काळचा कुठलाही मुरलेला खलाशी ते वर्तुळ पाहून हेच म्हणाला असता. वेगळेपण यात आहे की सूर्य मावळत असताना, वाटाड्या नसताना, अनोळखी किनाऱ्यावर फोलीने त्या तर्कावर आपले जहाज पणाला लावले. मागच्या 'झेलस'वर कप्तान हूड शिसे बांधलेली दोरी टाकून पाण्याची खोली मोजत येत होता.

'गोलायथ' 'गेरिए'च्या नाळेसमोरून वळले आणि किनाऱ्याच्या बाजूला शिरले. तिकडून कोणी येईल असे फ्रेंचांना वाटलेच नव्हते. त्या बाजूच्या तोफांची झडपे बंद होती, तोफांपुढे सामान रचलेले होते. लढाईच्या पहिल्या काही मिनिटांत फ्रेंच रांगेच्या पुढच्या जहाजांची एक अख्खी बाजू मुकी होती.

ब्रुएसचा अंदाज होता की हल्ला झालाच तर मध्यावर आणि शेपटावर होईल. म्हणून त्याने ताकदवान जहाजे तिथे ठेवली होती: 'फ्रँकलिन', 'ओरिआँ' आणि 'तोनाँ' मध्यावर, 'गीयोम तेल' मागे. पुढच्या टोकाला 'गेरिए' आणि 'काँकेराँ' ही जुनी जहाजे होती. रांग सुमारे अडीच किलोमीटर लांब आणि दोन जहाजांत साधारण दीडशे मीटरचे अंतर. जहाजे एकमेकांना दोरांनी जोडा आणि नांगराच्या दोरावर आडवा दोरही बांधा, म्हणजे तो ओढून जहाज हवे तसे वळवता येईल, असा हुकूम त्याने दिला होता. सगळ्यांनी तो पाळला नाही. पाळला असता तर फटींतून शिरणे शत्रूला अवघड गेले असते आणि फ्रेंचांना तोफांची बाजू फिरवता आली असती. हा आडवा दोर ऐकायला किरकोळ वाटतो, पण नांगरावर लढणाऱ्या जहाजाला तेच सुकाणू असते.

दुसरीकडे नेल्सनने आपल्या जहाजांना नांगराचे दोर मागच्या बाजूच्या झडपांतून बाहेर काढून तयार ठेवायला सांगितले होते. या एका हुकमात मला त्या रात्रीचा अर्धा विजय दिसतो. वारा पाठीशी घेऊन येणाऱ्या जहाजाने नेहमीप्रमाणे नाळेचा नांगर टाकला, तर जहाज गर्रकन वाऱ्याकडे तोंड करून फिरते. फिरता फिरता आपली नाळ किंवा पिछाडी शत्रूच्या तोफांसमोर येते. लाकडी लढाऊ जहाजाची सर्वांत कमकुवत बाजू तीच, विशेषतः पिछाडी, जिथे खिडक्या असतात आणि भिंत पातळ असते. तिथून आत शिरलेला गोळा जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसे आणि तोफा उडवत जातो. नांगर मागून टाकला की जहाज न फिरता, आल्या दिशेनेच थांबते आणि तोफांची पूर्ण बाजू तत्काळ शत्रूसमोर असते. शिवाय दोर थोडा थोडा सोडत वाऱ्याबरोबर पुढच्या शत्रूजवळ सरकता येते. थांबणे, नेम धरणे आणि पुढे सरकणे ही तिन्ही कामे एका दोराने होतात.

पण हे सगळे अचूक वेळेवर व्हावे लागते. फोलीने 'गेरिए'च्या नाळेजवळ थांबायचे ठरवले होते. त्याचा नांगर लगेच धरला नाही, दोर धावत राहिला आणि 'गोलायथ' दुसऱ्या जहाजाशेजारी, 'काँकेराँ'पाशी जाऊन थांबले. मागून आलेल्या हूडने रिकामी राहिलेली जागा पाहिली आणि 'झेलस' तिथेच उभे केले. काही मिनिटांतच 'गेरिए'च्या डोलकाठ्या कोसळू लागल्या. एकाचा नांगर घसरला आणि दुसऱ्याने ती चूक न विचारता भरून काढली. हे नेल्सनच्या आरमाराचे खरे सामर्थ्य होते. आठवड्यांच्या पाठलागात त्याने कप्तानांना वारंवार आपल्या जहाजावर बोलावून वेगवेगळ्या प्रसंगांत काय करायचे यावर चर्चा केली होती. त्या संध्याकाळी निशाणांनी लांबलचक हुकूम द्यायची गरजच पडली नाही.

त्यांच्यामागून 'ओरायन', 'थीसियस' आणि 'ऑडेशस' आतल्या बाजूला आले. फ्रेंच फ्रिगेट (हलके, वेगवान लढाऊ जहाज) 'सेरिअझ'ने वाटेतल्या मोठ्या जहाजावर गोळे झाडले. मोठ्या जहाजाने स्वतःहून फ्रिगेटवर तोफा चालवू नयेत असा तेव्हाचा प्रघात होता, पण आधी गोळीबार करणाऱ्या फ्रिगेटला ते संरक्षण राहत नसे. 'ओरायन'ने तिला उत्तर दिले आणि ती बुडाली. नेल्सनचे 'व्हॅनगार्ड' मात्र समुद्राच्या बाजूने गेले, त्यामागे 'मिनोटॉर' आणि 'डिफेन्स'. आता पुढची पाच फ्रेंच जहाजे दोन्ही बाजूंनी भाजली जात होती. या पद्धतीत एक धोकाही होता: शत्रूला चुकलेला गोळा पलीकडच्या आपल्याच जहाजाला लागू शकतो. 'ओरायन'चा कप्तान सॉमरेझ याने लढाईनंतर ही शंका बोलून दाखवली आणि नेल्सनला ते अजिबात आवडले नाही. मला सॉमरेझचे म्हणणे रास्त वाटते. पण नांगरावर उभ्या असलेल्या, एका बाजूला तोफा तयार नसलेल्या शत्रूपुढे तो धोका घेण्यासारखा होता.

मग रांगेतल्या मागच्या फ्रेंच जहाजांनी पुढच्यांना मदत का केली नाही? इथे वारा पाहा. तो रांगेच्या पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे वाहत होता. चौकोनी शिडांचे जहाज वाऱ्याच्या दिशेपासून साधारण 67 अंशांच्या आत जाऊ शकत नाही. म्हणजे शेपटातल्या जहाजांना सरळ पुढे येणे अशक्यच. त्यांना नांगर उचलून नागमोडी वळणे घेत, अंधारात, अपुऱ्या माणसांनिशी, एका बाजूला उथळ पाणी असताना वर चढावे लागले असते. इंग्रजांनी वाऱ्याच्या वरच्या टोकाला मारले आणि अर्धे फ्रेंच आरमार प्रेक्षक झाले. शेपटाचा प्रमुख व्हिलनव्ह याला यावरून आयुष्यभर बोल लागला. तोच पुढे 1805 मध्ये ट्रफल्गारला फ्रेंच-स्पॅनिश आरमाराचा सेनापती होता. माझे मत असे की पहिल्या दोन तासांत मदतीला पोचणे जवळजवळ अशक्य होते, पण रात्रभर जागचे न हलणे हे समर्थनीय नाही. किमान नांगर मोकळे करून, दोन-तीन जहाजे बाहेर काढून मध्यभागी नव्याने येणाऱ्या इंग्रज जहाजांना अडवता आले असते.

आता त्या दोन जहाजांकडे येतो. 'बेलेरोफॉन'ला 'फ्रँकलिन'समोर उभे राहायचे होते. नांगर वेळेत धरला नाही आणि ते थेट 'ओरिआँ'च्या पोटाशी थांबले, म्हणजे आपल्याहून जवळजवळ दुप्पट ताकदीच्या जहाजासमोर. तासाभरातच डोलकाठ्या तुटल्या आणि शेवटी दोर तोडून ते रांगेबाहेर वाहत गेले. 'मॅजेस्टिक'लाही थांबायला उशीर झाला. पुढे जाऊन ते एका फ्रेंच जहाजाच्या दोरकामात नाळ अडकवून बसले आणि त्याच अवस्थेत मार खात राहिले. कप्तान वेस्टकॉट ठार झाला. 'बेलेरोफॉन'वर 49 मेले आणि 148 जखमी झाले, 'मॅजेस्टिक'वर 50 मेले आणि 143 जखमी झाले. सगळ्या इंग्रज आरमाराचे मृत 218 होते. त्यातले 99 या दोन जहाजांवरचे. शिकवताना मी हे आकडे फळ्यावर लिहितो आणि मुलांना सांगतो की नांगर टाकण्याचा हुकूम अर्धा मिनिट उशिरा दिला तर काय होते ते इथे वाचा.

'कलोडन'ची गोष्ट वेगळी. ते नेल्सनच्या उत्तम कप्तानांपैकी एक, ट्रूब्रिज, याचे जहाज होते. पकडलेले वाइनने भरलेले गलबत ओढत आणत असल्याने तो मागे पडला होता. ते सोडून तो घाईने निघाला आणि बेटाजवळच्या उथळ भागावर रुतला. लढाई डोळ्यांसमोर चालली असताना तो रात्रभर हलू शकला नाही. मागून येणाऱ्या 'अलेक्झांडर', 'स्विफ्टशुअर' आणि 'लिअँडर'ला मात्र धोका कुठे आहे ते त्याच्यामुळे कळले. त्याआधी एका फ्रेंच ब्रिगने (दोन डोलकाठ्यांच्या लहान जहाजाने) इंग्रजांना याच उथळ भागावर खेचून न्यायचा प्रयत्न केला होता, पण तिच्या मागे कोणी गेले नव्हते.

'अलेक्झांडर' आणि 'स्विफ्टशुअर' रात्री आठच्या सुमारास 'ओरिआँ'पाशी आले. अंधारात आपली जहाजे ओळखू यावीत म्हणून इंग्रजांनी आडव्या ओळीत चार कंदील टांगले होते. छोट्या 'लिअँडर'च्या कप्तानाने फार हुशारी केली: फ्रेंच रांगेतल्या एका फटीत आडवे नांगरून त्याने दोन्ही बाजूंच्या जहाजांवर टोकाकडून मारा सुरू केला. स्वतःवर मात्र फारच थोड्या तोफा लागू शकल्या. 50 तोफांच्या जहाजाने तिथे आपल्याहून मोठ्या जहाजाचे काम केले. ब्रुएस याआधीच गोळ्याने ठार झाला होता. नऊच्या सुमारास 'ओरिआँ'ला आग लागली आणि दहाच्या सुमारास दारूगोळ्याचे कोठार उडाले. त्यात कप्तान काझाबिआंका आणि त्याचा लहान मुलगाही गेला. स्फोटानंतर काही मिनिटे दोन्ही बाजूंच्या तोफा थांबल्या. 1990 च्या दशकाच्या अखेरीस समुद्रतळाच्या उत्खननात या जहाजाचे सुकाणू सापडले आणि त्यावर जहाजाचे मूळ नाव 'दोफँ रोयाल' कोरलेले होते. राजाच्या काळात बांधलेले जहाज क्रांतीनंतर नाव बदलून लढत होते.

फ्रेंच खलाशी घाबरट होते असा अर्थ कोणी काढू नये. 'तोनाँ'चा कप्तान द्युपती-तुआर दोन्ही हात आणि एक पाय गमावूनही डेकवरच राहिला आणि मरेपर्यंत हुकूम देत होता असे सांगतात. 'गेरिए' डोलकाठ्या गेल्यावरही सुमारे तीन तास झुंजत राहिले. त्यांना हरवले ते रांगेच्या रचनेने आणि माणसांच्या तुटवड्याने. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास व्हिलनव्ह 'गीयोम तेल', 'जेनेरो' आणि दोन फ्रिगेट घेऊन निसटला. बाकीच्या 11 मोठ्या जहाजांपैकी नऊ पकडली गेली. 'ओरिआँ' उडाले होते आणि 'तिमोलिआँ' वाळूवर चढवून त्याच्याच माणसांनी जाळले. पकडलेल्यांतले 'स्पार्सिएट' पुढे ट्रफल्गारला इंग्रजांच्या बाजूने लढले.

नशिबाचा भाग किती? थोडा होता, आणि तो दोन्हीकडे वाटला गेला. मे महिन्यात सार्डिनियाजवळ वादळाने 'व्हॅनगार्ड'च्या डोलकाठ्या तोडल्या आणि फ्रिगेटही हरवल्या. टेहळणीची जहाजेच नसल्याने जूनमध्ये नेल्सन रात्रीच्या धुक्यात फ्रेंच ताफ्याला ओलांडून पुढे गेला. तो 28 जूनला अलेक्झांड्रियाला पोचला, कोणी दिसले नाही म्हणून परतला, आणि फ्रेंच 1 जुलैला तिथे आले. ग्रीसच्या किनाऱ्यावर बातमी मिळाली नसती तर अबुकीरची लढाई कदाचित झालीच नसती. पण ब्रुएसकडे चार फ्रिगेट होत्या. त्यातली एक जरी समुद्रात दूर टेहळणीला असती, तर किनाऱ्यावरची माणसे वेळेत परत आली असती. हे नशिबाचे खाते मी ब्रुएसच्या नावावरच लिहीन.

या लढाईचा आपल्याकडे थेट धागा आहे, म्हणून तोही सांगतो. नेल्सनने 9 ऑगस्टला मुंबईच्या गव्हर्नरला पत्र लिहिले आणि लेफ्टनंट डुव्हाल या अधिकाऱ्याला ते घेऊन अलेप्पो, बगदाद, बसराच्या खुष्कीच्या वाटेने पाठवले. फ्रेंचांचे लक्ष मुंबईवर आहे, असे नेल्सनला वाटत होते. मुंबईला तेव्हा जोनाथन डंकन गव्हर्नर होता. बोनापार्टने जानेवारी 1799 मध्ये कैरोहून टिपू सुलतानाला पत्र लिहिले, पण ते टिपूला मिळण्याआधीच इंग्रजांच्या हाती लागले. त्या वेळी बोनापार्टकडे सैन्य इजिप्तबाहेर नेणारे आरमार उरले नव्हते. मे 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडले. ईस्ट इंडिया कंपनीने नेल्सनला 10,000 पौंडांचे बक्षीस दिले.